सात पिंपांतली रडकी

सकाळी उठल्या उठल्या बाळासोंनी मटणवाल्याला फोन लावला आणि त्यांच्या लेकीनं, संयोगितानं, तो त्यांच्या कानावरून काढून घेऊन बंद केला. आज मटणाचा वाससुद्धा शेडपर्यंत येता कामा नये, असं तिनं कालपासून बजावून ठेवलं होतं. पण बाळासोंच्या डोक्यात ते शिरेल तर शपथ. मुंबईहून पाहुणी येणार, तीही नुसती चव बघायला येणार, आणि तिला तांबडा-पांढरा न घालता कोरडी बसवायची? लोक तोंडात शेण घालतील, असं त्यांचं म्हणणं. त्यावर संयोगिताचं म्हणणं असं, की तांबडा रस्सा एकदा घशाखाली उतरला की संध्याकाळपर्यंत जिभेला साखर आणि मीठ यातला फरक कळत नाही. मग ती बाई काय चाखणार, कपाळ? शेवटी तडजोड झाली. मटण शिजेल, पण गावातल्या घरी, आणि ताट वाढलं जाईल ते चव बघून झाल्यावरच.

भांडण मटणावरून झालं, पण दोघांना धाकधूक होती ती वेगळ्याच गोष्टीची. गडमुडशिंगीच्या शिवारात बाळासोंचा म्हशींचा मोठा गोठा होता. त्याच शेडमध्ये आता तांब्याचं चकचकीत भांडं बसलेलं होतं, आणि त्यातून मक्याची व्हिस्की निघत होती. संयोगिता अमेरिकेत केंटकीला राहून हे काम शिकली होती. तिकडं याला बर्बन म्हणतात. गावात बर्बन म्हटलं की लोकांना क्रीमचं बिस्किट आठवायचं, त्यामुळं पहिलं वर्षभर बाळासोची पोर बिस्किटाची फॅक्टरी काढतीया असाच बोभाटा होता. मग एक दिवस आंबवलेल्या मक्याचा वास गावभर पसरला आणि बोभाट्यानं कूस बदलली. पोर अमेरिकेला जाऊन हातभट्टी शिकून आली म्हणे. परवाना, तपासणी, सरकारी कुलूप, सगळं कायदेशीर असूनही पारावर नाव पडलं ते पडलंच.

बर्बन हे नाव अमेरिकेबाहेर लावता येत नाही, म्हणून तिनं आपल्या व्हिस्कीचं नाव ठेवलं हलगी. कोल्हापुरात हलगी कडाडली की मेलेला माणूस उठून बसतो, असं बाळासोच म्हणतात, आणि नाव ऐकून पहिल्यांदा खूश झाले तेही तेच. बाटलीवरच्या चिठ्ठीवर खाली एक ओळ होती, ती मात्र संयोगितानं कुणालाही विचारून लिहिली नव्हती. 'धान्य, पाणी, लाकूड. आणखी काही नाही.' केंटकीतला तिचा म्हातारा उस्ताद एवढंच शिकवायचा. रंग घालायचा नाही, साखर घालायची नाही, वास घालायचा नाही. आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात दारू ठेवायची आणि गप्प बसायचं. जे काय करायचं ते लाकूड करतं.

तशी सात पिंपं भरून ठेवली होती. ही पहिली खेप. ही पास झाली तर हलगी, नाहीतर नाव गुंडाळून ठेवायचं, हे बाळासोंनी आधीच सांगून टाकलं होतं. एका मोठ्या कंपनीचा माणूस सातही पिंपं आपल्या टँकरमध्ये ओतून न्यायला तयार होता. त्यांच्या स्वस्त मालात ती मिसळून जातील, आणि कुणाला कळणारही नाही की यात गडमुडशिंगीचा मका आहे. भांडंही तोच घेणार होता. पाहुणी नको म्हणाली की उद्या टँकर, आणि पुढच्या आठवड्यात परत म्हशी. बाळासो वाईट माणूस नव्हते. लेकीसाठी त्यांनी गोठा मोडला, भावकीची बोलणी खाल्ली, पण त्यांच्याही सहनशक्तीला तळ होता आणि तो आता दिसायला लागला होता.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे शालूबाई, बाळासोंची थोरली बहीण. संयोगिता त्यांना आत्ती म्हणायची. नवरा गेल्यापासून त्या माहेरीच होत्या आणि घरातले सगळे रीतिरिवाज त्यांच्या पदराला बांधलेले होते. नवी घागर आणली की पाणी भरायच्या आधी आत्ती तिच्यात गुळाचा खडा टाकून घेणार. नव्या कुकरमध्ये पहिला शिजणार तो गुळाचा भात. नवा फ्रिज आला तेव्हा कंपनीचा माणूस वायर जोडत होता आणि आत्ती त्याच्या काखेखालून हात घालून आतल्या कप्प्यात गूळ ठेवत होत्या. नव्या भांड्याचं तोंड गोड केल्याशिवाय त्याला कामाला लावायचं नाही. सगळे हसायचे, आणि आत्ती सगळ्यांना फाट्यावर मारायच्या.

पिंपांवर त्यांचा भारी जीव. 'बॅलर' म्हणायच्या, पण बोलायच्या पोरींशी बोलावं तसं. उन्हाळ्यात पिंपातली दारू उडून कमी होते, हे संयोगितानं समजावून सांगितलं तर आत्ती म्हणाल्या, म्हसोबानं आपला वाटा घेतला, त्यात काय एवढं. सातव्या पिंपाला त्यांनी नाव ठेवलं होतं रडकी. भरायच्या आधी पिंपात पाणी भरून लाकूड फुगवतात, तेव्हा हे एकच पिंप बुडातून टिपकत होतं. इमामचाचा म्हणून कोल्हापुरातले जुने सुतार होते, त्यांनी त्याच्या पट्ट्या ठोकून ठोकून दुपारपर्यंत ते बंद केलं. तरी नाव काही गेलं नाही.

आणि संयोगिताला खरा घोर होता तो या रडकीचाच. बाकीच्या सहा पिंपांची चव जवळपास सारखी लागायची. सुरुवातीलाच एक गोडवा, मग लाकूड, मग थोडासा जाळ. पिंपं वेगवेगळी, झाडं वेगवेगळी, मग चवी इतक्या बहिणी-बहिणी कशा, हे तिला कोडं होतं. दारूच्या तीव्रतेच्या मोजमापातही किंचित फरक यायचा, तो तिनं लाकडाच्या नावावर खपवला. रडकी मात्र वेगळीच निघाली. गोडवा मागाहून यायचा, आधी मिरी, आधी भाजलेला मका, घशात सरळ आणि कडक. दुरुस्तीमुळं काहीतरी बिघडलं, असंच ती धरून चालली होती. चव बघायच्या ताटातून रडकीला वगळायचं तिनं जवळजवळ ठरवलं होतं. पण आत्ती फुरंगटल्या. सहा पोरी दाखवायच्या आणि सातवीला कोंडून ठेवायची, ही कुठली रीत? म्हणून रडकीही ताटात आली.

मोनाताई अकराच्या सुमारास आल्या. मुंबईत त्यांची निवडक मद्यांची दुकानं होती, मोठ्या हॉटेलांत त्यांचा शब्द चालायचा, आणि त्यांनी एकदा मान हलवली की पुढचं सगळं आपोआप होतं असं या धंद्यात बोललं जायचं. बाई दिसायला साधी, सुती साडी, पायात कोल्हापुरी चप्पल. ती चप्पल बघूनच बाळासो निम्मे विरघळले. चहा घ्या म्हणाले, तर बाई म्हणाल्या आधी काम. दूध तरी घ्या म्हणाले, म्हशीचं, धारोष्ण. संयोगितानं बापाकडं असं बघितलं की ते गप्प बसून काचेचे ग्लास पुसायला लागले.

सात ग्लास मांडले. प्रत्येकाच्या बुडाला पिंपाचा आकडा लिहून वर कागद चिकटवलेला. कुणाच्या तोंडावरून कुणाला अंदाज येऊ नये म्हणून संयोगिता बाहेर गेली आणि बाळासोंनी ग्लास इकडचे तिकडे केले. म्हणजे आता कुठला ग्लास कुठल्या पिंपाचा हे पाहुणीलाही ठाऊक नाही, संयोगितालाही नाही, आणि बाळासोंनी इतक्या वेळा फिरवले की त्यांना तर नाहीच नाही.

मोनाताई हुंगायला लागल्या. एक घोट, तोंडात फिरवणं, थुंकणं, पाण्याची चूळ. दुसरा. तिसरा. शेडमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. संयोगिताच्या छातीत हलगी वाजत होती आणि ती बाहेर ऐकू जाते की काय अशी तिला भीती वाटत होती. चौथ्या ग्लासपर्यंत बाईंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. चांगली आहे, म्हणाल्या. चांगली आहे, पण सगळ्या एकसारखं बोलतात, आधी लाडीगोडी आणि मग कामाचं. पाचवा ग्लास त्यांनी नाकाशी नेला, थांबल्या, परत नेला. घोट घेतला आणि थुंकल्याच नाहीत. गिळला.

मग त्या हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. तो ग्लास त्यांनी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, एकट्याला ठेवला. उरलेले दोन रीतीप्रमाणं चाखले, आणि परत जाऊन त्याच ग्लासाचा घोट घेतला.

"ही," त्या म्हणाल्या. "एकच पिंप का असेना, पहिली खेप हीच काढायची. नाव माझ्या दुकानात दर्शनी लावते."

बाळासोंनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यांनाही कळलं नसावं. संयोगिताला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, केंटकीच्या म्हाताऱ्याला आत्ताच्या आत्ता फोन लावून तिकडची मध्यरात्र मोडावीशी वाटत होती. मोनाताई म्हणाल्या, बुडाचा कागद मी मुंबईला फोन करून आल्यावर काढू, सगळ्यांसमोर, आणि फोन घेऊन बाहेर चिंचेखाली गेल्या. त्यांचा आनंदी आवाज आतपर्यंत येत होता. सापडली, सापडली, असं त्या कुणालातरी सांगत होत्या.

संयोगिता मागच्या दारानं धावत आत्तीकडं गेली. आत्ती शेडमागच्या ओट्यावर कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. पाहुणी गिळून बसली आत्ती, थुंकली नाही, असं तिनं त्यांच्या गळ्यात पडून सांगितलं. आत्तींना त्यात नवल वाटलं नाही.

"न गिळून करंल काय?" त्या म्हणाल्या. "पोटात गोड गेलंय की पोरींच्या."

"कुणाच्या पोटात?"

"बॅलरींच्या. भरायच्या दिवशी घातला की मी गूळ. तू त्या परवान्याच्या सायबाला चहा पाजत हुतीस तवा. बुचाच्या भोकातनं बारीक करून घातला, वंजळभर. नव्या भांड्याचं तोंड गोड केल्याबिगर कोण काय भरतंय व्हय?"

संयोगिता तिथंच ओट्यावर बसली. सगळं एका झटक्यात तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. बहिणी-बहिणी चवी, सुरुवातीचा गोडवा, मोजमापातला तो किंचित फरक. घागर, कुकर, फ्रिज. फ्रिजला सोडलं नाही ती बाई पिंपांना सोडेल? पिंप हेही भांडंच, हे तिच्या अमेरिकेत शिकून आलेल्या डोक्यात कधी आलंच नाही. ती स्वतःवरच इतकी चिडली की आत्तीवर चिडायचं राहून गेलं.

बाळासो मागोमाग आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आधी बहिणीकडं बघितलं, मग लेकीकडं, आणि खाली बसून हळू आवाजात सांगायला लागले. गूळच तर आहे, विष नव्हे. आपल्याच उसाचा, आपल्याच हाताचा. पाहुणीला आवडली ती आवडली. कुणी पोट फाडून बघणार आहे का? आज तोंड मिटून राहा, पुढच्या खेपेला आत्तीला कोंडून ठेवू. ते कळवळून बोलत होते, आणि सगळ्यात वाईट हे की ते तिच्यासाठीच बोलत होते. टँकर त्यांनाही नकोच होता.

संयोगितानं चिंचेखाली बघितलं. मोनाताई फोनवर हात हलवत बोलत होत्या. एक शब्दही न बोलता नुसतं उभं राहिलं तरी हलगी जगणार होती. बाटली काचेत झळकणार होती. आणि तिच्यावर खाली तिच्याच हातची ओळ असणार होती, 'आणखी काही नाही.' जी बाटली पुसायची तिच्यावर रोज ती ओळ वाचायची आणि गिळायची. तिला हे जमणार नव्हतं. जमलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं, आणि डोळे भरून आले.

"आबा, मला न्हाय जमणार," ती म्हणाली, आणि उठली.

बाळासोंनी तिला अडवलं नाही. टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले, मग टोपी परत घालून तिच्या मागोमाग शेडमध्ये गेले.

मोनाताई आत आल्या तशी ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. कागद काढायच्या आधी एक सांगायचं आहे म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आत्ती, गूळ, नव्या भांड्याची रीत, सगळं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. मोनाताईंचा हात ग्लासावर होता तो त्यांनी काढून घेतला.

"सगळ्या पिंपांत?"

"सगळ्या."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजातही जड काहीतरी होतं. मग ही घेता येणार नाही. इतकी चांगली आहे म्हणून तर नाहीच, कारण लोक विचारतील ही अशी कशी झाली, आणि उत्तर खोटं द्यावं लागेल. त्यांनी पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, निघण्यापूर्वी तुमच्या आत्तींना एकदा बघायचं आहे. व्हिस्कीला लेकीसारखं वागवणारं माणूस काही रोज भेटत नाही.

आत्ती पदर खोचूनच आल्या. काहीतरी बिघडलंय आणि ते आपल्या नावावर चाललंय, एवढं त्यांना कळलं होतं, म्हणून पहिल्यापासूनच आवाज चढा. मोनाताईंनी हळूच विचारलं, आजी, सातही पिंपांना दिला का हो गूळ?

"एकीला द्यायचा आन् एकीला उपाशी ठेवायचं? मी काय सावत्र आई हाय?" आत्ती कडाडल्या. "समद्यांस्नी दिला. मोजून मापून, सारखा."

संयोगितानं डोळे मिटले. झालं. उद्या टँकर.

"त्या रडकीला सोडून," आत्ती म्हणाल्या.

संयोगितानं डोळे उघडले आणि आत्तींचा दंडच धरला.

"का? रडकीला का न्हाय दिला?"

"गळत हुती की ती," आत्ती म्हणाल्या, जसं काही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "इमाम ठोकत बसलाता तिला. गळक्या भांड्याचं तोंड गोड करत न्हाईत. घरातलं गोड गळून जातंय. मागनं दिला आसता, तर तवर तुम्ही भरून बूच मारून मोकळं झालासा. मला लई वाईट वाटलं तवा. म्हनून तर तिच्याशी मी जास्त बोलती."

सगळ्यांच्या नजरा टेबलाच्या टोकाकडं गेल्या. तिथं तो एकटा ग्लास उभा होता. मोनाताईंनी पर्स खाली ठेवली. मगाशी आपणच काय म्हणालो ते त्यांना आठवलं असणार, कारण त्यांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. सहा जणी एकसारखं बोलतात, आधी लाडीगोडी. आणि ही एकटी वेगळी.

"बघ की," बाळासो म्हणाले. "बघ की पोरी."

संयोगिताचा हात उठेना. तिनं बापाला नुसती मानेनं खूण केली. बाळासोंनी ग्लास उचलला, आतली व्हिस्की दुसऱ्या ग्लासात ओतायचंही भान राहिलं नाही, तसाच डोक्यावर उंच धरून बुडाचा कागद फाडला. चष्मा कपाळावर होता आणि ते तो खिशात शोधत होते. मोनाताईंनी पुढं होऊन त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ग्लास कलला, दोन थेंब त्यांच्या टोपीवर पडले.

"सात," बाळासो म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं, "सात हाय. रडकी हाय."

त्यानंतर काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. बाळासोंनी मोनाताईंचा हात धरून गदागदा हलवला आणि मग एकदम संकोचून सोडला. मोनाताईंनी स्वतःहून एक नियम घालून दिला, की तपासणी प्रयोगशाळेत होईल, रडकीत साखरेचा कणही नाही हे कागदावर आलं पाहिजे, आणि आलं की पहिली खेप तिचीच, चिठ्ठीवर ओळ तीच, एक अक्षर बदलायचं नाही. मग म्हणाल्या, तू सांगितलं नसतंस तर मी ही घेऊन गेले असते, आणि तुला कधीच कळलं नसतं की ही चव गुळाची नाही, तुझीच आहे. बाकी सहा जणींचं काय करायचं ते नंतर बघू, गुळाची म्हणून उघड नाव लावून काही जमतंय का ते बघू, असं संयोगिता म्हणाली. बाळासो बाहेर गेले आणि टँकरवाल्याला फोन करून इतक्या जोरात येऊ नगं म्हणाले की चिंचेवरचे कावळे उडाले. लगेच दुसरा फोन मटणवाल्याला. पांढरा जास्त कर, पावण्या मुंबईच्या हायत.

संयोगिता मात्र रडकीपाशी जाऊन उभी राहिली होती. जाळलेल्या लाकडाच्या त्या गोल पोटावर तळहात टेकवून. हिला आपण वगळणार होतो. हिलाच बिघडलेली म्हणत होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, आणि ती त्याच वेळी हसतही होती, त्यामुळं तिचं तोंड मोठं मजेशीर दिसत होतं.

तेवढ्यात मागून आत्ती आल्या. मुठीत काहीतरी होतं. मूठ उघडली तर तळहातावर पिवळाधमक गुळाचा खडा. आत्ती रडकीच्या बुचाकडं बघत होत्या.

"आत्ती!" संयोगिता, बाळासो आणि मोनाताई, तिघंही एकदम ओरडले. संयोगितानं तर दोन्ही हातांनी बूच झाकून टाकलं.

आत्तींनी तिघांकडं असं बघितलं, की असली येडी माणसं त्यांनी जन्मात बघितली नव्हती. मग त्यांनी संयोगिताची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं आणि तो खडा तिच्या जिभेवर ठेवला.

"तुझ्यासाठी आणलाय," त्या म्हणाल्या. "खा. आन् डोळं पूस. एक रडकी बास झाली घरात."